इथंच कुठंतरी

आमच्या घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी आहेत. चार पिढ्यांची चार अक्षरं. त्यातली एक ओळ टाकानं लिहिलेली आहे: पणजोबांचं नाव, पुढे ‘प्रभूमध्ये निजले’, आणि तारीख २१ ऑक्टोबर १९१८. माती कुठे दिली ते लिहिलेलं नाही. तेव्हा लिहायची गरजच नव्हती. घरातल्या प्रत्येकाला ती जागा ठाऊक होती.

पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. त्या साली पाऊस दडी मारून बसला होता आणि मुंबई बंदरातून शिरलेला तापाचा आजार दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा जोरात पसरला होता. एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबरच्या दिवशी ७६८ माणसं गेली. अख्ख्या मुंबई इलाख्यात त्या इन्फ्लुएंझानं सुमारे दहा लाख माणसं नेली. माझी आजी तेव्हा चार वर्षांची होती. पुढे नव्वदीतही ती सांगायची, ‘‘तिथं बाभळीखाली हायेत आमचे दादा.’’ पण बाभूळ तुटून कितीतरी वर्षं झाली होती, आणि कबरीवर दगड कधी बसलाच नव्हता.

नाव नसलेल्या अशा कबरी महाराष्ट्रात फक्त ख्रिस्ती किंवा मुसलमान कुटुंबांच्या नाहीत. लिंगायतांमध्ये दफनच आहे. नाथ-गोसाव्यांमध्ये समाधी देतात. आणि ज्या घरांत मोठ्यांना अग्नी देतात, तिथंही तान्ह्या मुलाला बहुधा पुरतात. तेव्हा ‘अमक्या आजीचं पहिलं मूल ओढ्याच्या काठी ठेवलंय’ असं एखादं वाक्य पुष्कळ घरांत असतं. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची स्मृती तर याहून कितीतरी जुनी आहे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या आपल्या पूर्वजांची प्रेतं अलिबागजवळ नवगावला पुरली, असं ते पिढ्यानपिढ्या सांगत आले. तिथल्या उंचवट्यांवर कुणाचंही नाव नव्हतं. तरी जागा टिकली, कारण सांगणं टिकलं. आज तिथं स्मारक उभं आहे.

आमच्याकडे सांगणं होतं, पण त्यातली खूण गेली होती. अशा वेळी शोध कसा घ्यायचा हे मी चुकत-माकत शिकलो, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक बहुतेकांसारखीच केली: थेट कबरस्थान गाठलं. गावाबाहेरच्या माळावर दोन एकरांची जागा, कुसळी गवत, मोडकं कुंपण, मोजून अकरा कोरीव दगड. दोन खेपा नुसतं फिरून परत आलो. तिसऱ्या खेपेला तिथं शेरडं राखणाऱ्या एका म्हाताऱ्या तात्यांनी विचारलं, ‘‘तारीख हाय का तुमच्याकडं?’’ आहे म्हटल्यावर म्हणाले, ‘‘मग शेजारी हुडका की. माणूस नका हुडकू.’’

या एका वाक्यात जवळजवळ सगळं आलं. कबरस्थान म्हणजे वाटेल तिथं खड्डे घेतलेली जमीन नव्हे. कुटुंबाच्या राखीव जागा सोडल्या, तर दफनं बहुधा ओळीनं होत जातात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मृत्यूच्या क्रमानं. ज्याच्या कबरीवर दगड आहे तो आपली तारीख सांगतो. आपल्या माणसाच्या आधी गेलेल्याचा एक दगड आणि नंतर गेलेल्याचा एक दगड सापडला, तर आपला माणूस त्या दोघांच्या मध्ये असण्याची शक्यता फार मोठी. दोन एकरांचा शोध एका ओळीवर, कधीकधी वीस फुटांवर येतो. तात्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांचे वडील तिथं कबरी खणायचे.

पण शेजारी शोधायचे तर तारीख पक्की हवी, आणि ती कागदातून येते. म्हणून कागद आधी आणि जमीन नंतर.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा. त्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, त्यामुळे अलीकडचे दाखले मिळणं तुलनेनं सोपं आहे. त्याआधीच्या काळासाठी आपल्याकडे एक मोठा ठेवा आहे, तो म्हणजे कोतवाल बुक. गाव नमुना १४ म्हणतात तो हाच. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कशानं मेलं, हे कोतवालाकडून कळेल तसं त्यात लिहिलं जायचं. २०२३मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात ही जुनी बाडं तहसिलांच्या अभिलेख कक्षांतून पुन्हा बाहेर निघाली आणि घराघरांत त्यांचं नाव झालं. जातीच्या दाखल्यासाठी ती पुष्कळांनी चाळली, पण आपल्या माणसाचा शेवटचा दिवस शोधायलाही ती तितकीच कामाची आहेत. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा सोबत न्यावा. कोतवाल बुकात कबरीची जागा नसते. तारीख आणि मृत्यूचं कारण मिळतं, आणि त्या आठवड्यात गावात आणखी कोण गेलं तेही मिळतं. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण तेच आपले शेजारी.

ख्रिस्ती कुटुंबांना मंडळीची दफन नोंदवही आणखी जवळ नेते. तीत नाव, वय, धंदा, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख आणि विधी करणाऱ्या पाळकाची सही असते. मोठ्या शहरी कबरस्थानांत भाग आणि कबरीचा क्रमांकही मिळतो. अमेरिकन मराठी मिशन १८३१पासून नगरला होतं. त्याच्या मातृसंस्थेचे कागद आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. १८४२मध्ये नगरलाच सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे जुने अंकही चाळण्यासारखे आहेत. युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन माणूस शोधत असाल, तर मुंबई इलाख्यातल्या दफनांच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

आमच्या मंडळीची वही लोखंडी पेटीत होती आणि पेटीच्या तळाला वाळवी लागली होती. पाळकसाहेबांनी ती टेबलावर ठेवली तेव्हा पानांच्या कडांचा भुगा टेबलभर पसरला. १९१८चं पान खालून खाल्लेलं होतं, वरचा भाग शाबूत होता. ऑक्टोबरच्या ९ तारखेपासून ३ नोव्हेंबरपर्यंत सात नोंदी होत्या. त्यांतली चौथी पणजोबांची. पहिल्या नोंदीची शाई वेगळी होती. पुढच्या पाच नोंदी मात्र एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या, ओळींचा उतारही सारखा. पाळकसाहेब बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. मग म्हणाले, ‘‘त्या वेळचे पाळकही आजारी असणार. बरं झाल्यावर आठवून लिहिलंय हे.’’ पाचांपैकी दोन नोंदींपुढे दफनाची तारीखच नव्हती. आणि त्या पाचांतल्या शेवटच्या नोंदीत नावाच्या रकान्यात नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं: ‘एक मूल, वय एक दिवस.’

कागद इथवर आणतो. पुढचं जमिनीला विचारायचं.

कबर म्हणजे आधी खणलेला आणि मग भरलेला खड्डा. एकदा उकरलेली माती परत कितीही चोपली तरी पूर्वीसारखी घट्ट होत नाही. काही वर्षांनी पेटी कुजते, देह मातीला मिळतो, आणि वरची माती खाली बसते. माणसाच्या लांबीरुंदीचा एक उथळ खळगा तयार होतो. कधी तो जेमतेम दोन बोटं खोल असतो, भर दुपारी उभ्या उन्हात दिसतच नाही. तो दिसतो सकाळी सूर्य वर यायच्या आत किंवा मावळतीला, जेव्हा तिरप्या उन्हानं त्याच्या एका काठाची सावली पडते. दुसरी खूण गवताची. भुसभुशीत मातीत ओल जास्त मुरते, म्हणून पाऊस सरल्यावर आजूबाजूचं गवत पिवळं पडलं तरी कबरीवरचं काही दिवस हिरवं राहतं. आणि तिसरी खूण दिशेची. ख्रिस्ती रिवाजात डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. आपल्याकडच्या मुस्लिम कबरी उत्तर-दक्षिण असतात, चेहरा पश्चिमेकडे, किब्ल्याच्या दिशेनं वळवलेला. एखादा खळगा या दिशेशी मुळीच जुळत नसेल, तर तो बहुधा झाडाच्या बुंध्याचा किंवा जुन्या चरीचा असतो.

या खुणा सगळ्या जमिनीत सारख्या टिकत नाहीत. आपली काळी कापसाची माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. दरवर्षीच्या या फुगण्या-आटण्यात खळगे बुजतात, उभे दगड कलतात, कधी गिळले जातात. मुरमाड माळावर मात्र खड्ड्याची कड वर्षानुवर्षं राहते. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिच्यात हाडं लवकर विरतात. म्हणून तिथं हाडांच्या आशेवर न राहता मातीतला बदलच वाचावा लागतो.

हे वाचायला आता यंत्र आहे. जमिनीत रेडिओलहरी सोडणारा रडार. लहान ढकलगाडीसारखं ते यंत्र अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या समांतर ओळींत जमिनीवरून फिरवतात. लहरी खाली जातात, आणि जिथं मातीचा पोत किंवा ओलावा बदलतो तिथून थोड्या परततात. पडद्यावर त्या उलट्या वाटीसारख्या कमानींच्या रूपात दिसतात. एक गैरसमज मात्र काढायला हवा: हे यंत्र सांगाडा दाखवत नाही. ते ‘इथं कधीतरी खणलं होतं’ किंवा ‘इथं पोकळी आहे’ एवढंच सांगतं. कुणाची कबर, हे त्याला कधीच कळत नाही, ते कागदानंच ठरायचं. शिवाय चिकण, ओल्या काळ्या मातीत लहरी फुटा-दोन फुटांत विरून जातात. वाळू, मुरूम अशा कोरड्या जमिनीत त्या नीट चालतात. म्हणून पैसे घालण्याआधी माती बघावी.

पाणाड्यासारखी हातात काडी किंवा तारा धरून कबर दाखवणारेही भेटतात. त्यांच्या मनात खोट असते असं मी म्हणणार नाही, पण काडीच्या वळण्याला तपासून बघितलेला आधार नाही. लोखंडी सळई टोचून बघण्याचा मोहही होतो. तो आवरावा. दफनभूमीत परवानगीशिवाय घुसून छेडछाड करणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पुरलेला देह उकरता येत नाही. शिवाय आपण शोधतो ती कबर शेजारच्या कुणाच्या कबरीला लागून आहे, हे विसरून चालणार नाही.

कबर आपोआप हरवते, तशी ती हरवलीही जाते, म्हणजे मुद्दाम. त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण रंगूनचं आहे. ७ नोव्हेंबर १८६२च्या पहाटे बहादूरशहा जफर कैदेत वारला. त्याच दिवशी दुपारी चारला, तो होता त्या पहाऱ्याच्या आवारामागे विटांच्या कबरीत त्याला ठेवलं, वर माती लोटून जमिनीशी सपाट केली आणि हिरवळ लावली. भोवती बांबूचं कुंपण घातलं. देखरेखीवरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय की कुंपण कुजेपर्यंत गवत जागा झाकून टाकील आणि शेवटचा मोगल कुठे आहे याची खूण उरणार नाही. १८५७च्या उठावाला ज्याचं नाव एकत्र बांधत होतं, त्याच्या कबरीवर कुणी दिवा लावू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

पण लोक विसरले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगूनच्या मुसलमानांनी मागणी लावून धरली आणि १९०७मध्ये सरकारनं एक कोरीव दगड बसवू दिला. त्यावर बादशहा ‘या जागेजवळ’ पुरला आहे, असं लिहिलं होतं. ‘या जागी’ नव्हे, ‘या जागेजवळ’. पुढे तिथं दर्गा झाला. १६ फेब्रुवारी १९९१ला दर्ग्यामागे गटार खणताना मजुरांना जमिनीखाली विटांची कबर लागली. मानलेल्या जागेपासून ती सुमारे २५ फुटांवर होती. खूण पुसायचा पक्का बेत करूनही १२८ वर्षांनंतर लोकांच्या आठवणीत फरक पडला तो जेमतेम दहा पावलांचा. आजीच्या ‘बाभळीखाली’वर माझा विश्वास पुन्हा बसला तो या पंचवीस फुटांमुळे.

महाराष्ट्रात या विषयाची आणखी एक मोठी बाजू आहे, ती फौजेत गेलेल्यांची. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड इथल्या कितीतरी घरांत ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ असे कुणी आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात पडलेल्यांचा शोध राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाकडे नाव, पलटण आणि सैनिक क्रमांक यांवरून घेता येतो. नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळच्या कारकुनानं जसं ऐकलं तसं असतं. तेव्हा क्रमांक सापडला तर तो सोन्याचा. नोंदीत ‘सिमेटरी’ असेल तर कबर आहे. ‘मेमोरियल’ असेल तर ज्ञात कबर नाही, किंवा अग्निसंस्कार झाला आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या शूराचीही कबर ज्ञात नाही. त्यांचं नाव कसिनोच्या स्मारकावर आहे, ज्ञात कबर नसलेल्या चार हजारांहून अधिक जणांसोबत.

त्यांचं निदान नाव तरी कोरलं गेलं. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झालं, तेव्हा हिंदी अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर आली आणि हजारो हिंदी शिपाई पलटणीच्या नावाखाली नुसत्या आकड्यानं मोजले गेले. आयोगानं नेमलेल्या समितीचा अहवाल २०२१मध्ये प्रसिद्ध करून ही असमान वागणूक कबूल केली आणि माफी मागितली. नावं शोधून भरायचं काम चालू आहे. ज्यांच्या घरात जुना पेन्शनचा कागद, पदक किंवा पत्र असेल, त्यांनी ते जपावं आणि पुढे करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पदकाच्या कडेवर बहुधा शिपायाचा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं.

मुंबई आणि गोव्यासारख्या दाटीच्या जागी आणखी एक गोष्ट मनाला तयार ठेवावी लागते. तिथं कायमची विकत घेतलेली जागा नसेल, तर काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्याला देतात आणि हाडं भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक अस्थिकुंडात हलवतात. तेव्हा तिथं फक्त दफनाची नोंद बघून भागत नाही, हाडं कधी हलवली ती नोंदही मागावी.

आता आमच्या माळाकडे येतो. ९ ऑक्टोबर १९१८ची तारीख असलेला एक छोटा दगड सापडला, एका अडीच वर्षांच्या मुलीचा. वहीतली पहिली नोंद तीच. दक्षिणेला काही पावलांवर ३ नोव्हेंबरचा दगड होता, एका बायबलबाईंचा. ती शेवटची नोंद. मधल्या पाच जणांवर काहीच नव्हतं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि पाळकसाहेब गेलो. तात्या आधीच येऊन उभे होते. दोन दगडांच्या मध्ये पाच ठिकाणी पाणी साचलं होतं. उथळ, पूर्व-पश्चिम, एकमेकांना समांतर. चार लांब आणि एक अगदी आखूड, हातभर.

मी वहीच्या क्रमानं मोजायला लागलो: मधल्या पाचांत पणजोबा तिसरे, म्हणजे उत्तरेकडून तिसरा खळगा. तात्यांनी हात धरला. ‘‘पोराचा खड्डा बघा कुठं हाय.’’ वहीत ते एक दिवसाचं मूल पाचांत शेवटचं होतं. जमिनीवर आखूड खळगा उत्तरेकडून दुसरा होता. म्हणजे पाळकांनी आजारातून उठून लिहिलेला क्रम आणि मातीतला क्रम एक नव्हता. पणजोबा त्या चार लांब खळग्यांपैकी एकात आहेत. कुठल्या, ते सांगायला आता कुणी नाही.

तात्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या खळग्याच्या पायथ्याशी टाचेनं माती उकरून एक काळपट लाकडी खुंट दाखवला. ‘‘बाभळीचंच मूळ हाय हे.’’ ते बाभळीचं असेल, नसेलही. मी ते तपासून घेतलं नाही.

एकाच खळग्यावर आमचा दगड बसवणं मला जमेना. वहीतल्या पाचही नोंदी उतरवून घेतल्या आणि पाळकसाहेबांच्या संमतीनं ओळीच्या मध्यावर एकच दगड बसवायचं ठरलं. चार नावं, वर्ष १९१८, आणि सुरुवातीला ‘या जागेजवळ’. पाथरवटानं कागद हातात घेऊन वाचला आणि विचारलं, ‘‘पाचव्याचं नाव राहिलंय, साहेब.’’ मी सांगितलं, वहीत आहे तेच घाला. त्यानं पेन्सिलनं दगडावर आखलं, मग छिन्नी लावली: एक मूल, वय एक दिवस.